दोन शाहू, दोन कीलक आणि आमचे दोन अ: एका वंशावळीचं प्रकरण

आमच्या घरात नानांनी, म्हणजे माझ्या चुलत आजोबांनी, काढलेली एक वंशावळ आहे. ड्रॉइंग शीटवर काळ्या शाईने काढलेलं झाड, खाली मूळपुरुष आणि वर फांद्या, अक्षर इतकं सुंदर की लहानपणी आम्ही त्याकडे देवाच्या फोटोसारखं बघायचो. त्या झाडात दोन पिढ्या कमी आहेत हे कळायला मला जवळजवळ चार वर्षं लागली, आणि नानांनी कुठेही निष्काळजीपणा केला नव्हता हे कळायलाही तेवढीच. हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण ही गफलत आमच्या एकट्या घरातली नाही. ज्यांच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे अशा प्रत्येक मराठी घरात ती कुठे ना कुठे दबा धरून बसलेली असणार.

खरी नावं इथे देत नाही, भाऊबंदांपैकी काहींनी नको म्हणून सांगितलंय. घरात आलटून पालटून चालत आलेली जी दोन नावं आहेत त्यांना मी अ आणि ब म्हणतो.

आधी मुळात अडचण काय ते सांगतो. जुन्या कागदात माणूस लिहायची पद्धत म्हणजे 'अमुक बिन तमुक', बिन म्हणजे मुलगा. बाईचं असेल तर 'अमुक कोम तमुक', म्हणजे तमुकची बायको. आपल्याला वाटतं नाव आणि बापाचं नाव मिळालं की झालं, माणूस पक्का. पण आजोबाचं नाव नातवाला गेलं की काय होतं बघा. ब चा मुलगा अ, त्याचा मुलगा ब, त्याचा मुलगा परत अ. म्हणजे आजोबा पण 'अ बिन ब' आणि नातू पण 'अ बिन ब'. बापाचं नाव लावून सुद्धा दोघं वेगळे होत नाहीत, आडनाव तेच, गाव तेच, वतन तेच, जमीन तीच. पेशव्यांचं बघा ना, बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, त्यांचा मुलगा परत बाळाजी, म्हणजे नानासाहेब. नाना फडणवीसांचं खरं नाव बाळाजी जनार्दन आणि त्यांच्या आजोबांचं बाळाजी महादेव. तिथे बापाची नावं वेगळी आहेत आणि माणसं इतिहासातली मोठी आहेत म्हणून गोंधळ होत नाही. आमच्यासारख्या गावातल्या साध्या घराला कोण वेगळं लक्षात ठेवणार.

त्यात परत सासऱ्याचं नाव सून तोंडाने घेत नाही, मग नातवाला सासऱ्याचं नाव ठेवलं की त्याला हाक मारायची पंचाईत, म्हणून तो घरात बापू, आप्पा, तात्या असं काहीतरी होतो. कागदात अ आणि घरच्या गोष्टींत बापू. मग शंभर वर्षांनी घरातल्या कोणालाच सांगता येत नाही की गोष्टीतले बापू हे कागदातले कुठले अ.

आता आमच्याकडे कागद काय होते ते. एक इनामाची सनद, मूळ नाही, नक्कल, मोडी लिपीत. दुसरी एक ताकीदचिठी, त्याच इनामाबद्दल गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, लिहिलेली, तीही मोडी आणि अर्धी फाटलेली. आणि नानांनी स्वतःच्या हाताने उतरवून आणलेली एक कैफियत, ती इंग्रजी अमदानीतली. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशन बसलं, तुमचं इनाम कोणी दिलं, कधी दिलं, तुम्ही त्या माणसाचे कोण, हे प्रत्येक इनामदाराला सांगावं लागलं, त्यातली ही आमच्या पूर्वजाची जबानी. जमीन केव्हाच गेलेली आहे, जात इनामं, म्हणजे माणसाला व्यक्तिशः दिलेली इनामं, १९५० च्या दशकात कायद्याने संपली, त्यामुळे या सगळ्यात कोणाचा पैशाचा संबंध नाही. फक्त कोण कोणाचा मुलगा एवढाच प्रश्न.

सनदेत इनाम घेणारा 'अ बिन ब'. देणारे 'श्रीराजा शाहू छत्रपती स्वामी'. काळ लिहिलाय राज्याभिषेक शकात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेल्या वर्षात, आणि तिथे नेमकी कसर लागलेली, आकड्यातला शेवटचा ५ तेवढा शिल्लक. पुढे मात्र 'कीलकनाम संवत्सरे' स्वच्छ वाचता येतं. महिना मार्गशीर्ष, तिथी आहे, वार किड्याने खाल्लेला. वार वाचता आला असता तर तिथी आणि वार जंत्रीत ताडून बघता आले असते आणि काम बरंच सोपं झालं असतं.

इथे थोडं थांबून समजावून सांगतो कारण सगळी गोम इथेच आहे. संवत्सरं ६०, प्रभव पासून क्षय पर्यंत, आणि ती चक्राने फिरतात. शालिवाहन शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, १२ मिळवले १६०८, ६० ने भागून बाकी ४८, अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे हिशोब बरोबर. कीलक हे बेचाळिसावं. ते शके १६५० ला येतं, म्हणजे १७२८-२९, आणि परत ६० वर्षांनी शके १७१० ला येतं, म्हणजे १७८८-८९.

आता शाहू. आज शाहू म्हटलं की बहुतेकांना कोल्हापूरचे राजर्षी आठवतात, ते इथे लागू नाहीत, ते खूप नंतरचे. पण साताऱ्याच्या गादीवरच शाहू दोन झाले. थोरले शाहू, संभाजी महाराजांचे पुत्र, १७०८ साली राज्याभिषेक आणि १७४९ ला मृत्यू. आणि धाकटे शाहू, १७७७ ते १८०८. म्हणजे १७२८ ला पण गादीवर शाहू छत्रपती आणि १७८८ ला पण गादीवर शाहू छत्रपती! गंमत म्हणजे थोरल्या शाहूंचं जन्माचं नाव शिवाजी, तेही आजोबांचंच.

आणि तो शिल्लक राहिलेला ५? राज्याभिषेक शक काढायचा तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीनंतरच्या तारखांना शालिवाहन शकातून १५९५ वजा करायचे. १६५० मधून केले तर ५५. १७१० मधून केले तर ११५. दोन्हीच्या शेवटी ५. साठ वर्षांचा फरक असल्यावर शेवटचा आकडा बदलणारच नाही. हे मी ज्या रात्री कागदावर मांडलं त्या रात्री मला झोप लागली नाही. राजा तोच, संवत्सर तेच, शेवटचा आकडा तोच, आणि इनाम घेणारा अ बिन ब, जो आजोबा पण असू शकतो आणि नातू पण. साठ वर्षं म्हणजे साधारण आजोबा ते नातू एवढंच अंतर. कालगणनेचं चक्र आणि नावाचं चक्र दोन्ही एकाच वेगाने फिरत होती.

नानांनी १७८८ धरलं. आणि त्यांच्याकडे कारण होतं. त्यांच्या हातातल्या कैफियतीत वंशावळ अशी होती: जबानी देणारा, त्याचा बाप अ, त्याचा बाप ब. बस, तीनच. जबानी देणारा १८५० च्या दशकात साठीचा असेल तर जन्म १७९५ च्या आसपास, मग त्याचा बाप अ याला सनद १७८८ ला मिळाली हे अगदी व्यवस्थित बसतं. १७२८ धरलं तर बाप १७२८ ला कर्ता पुरुष आणि मुलगा १८५५ ला जिवंत, हे शक्यच नाही. म्हणून नानांनी थोरले शाहू सोडून धाकटे शाहू धरले, घरात 'थोरल्या शाहू महाराजांनी दिलेलं इनाम' अशी म्हण होती तरी. घरच्या अभिमानाच्या गोष्टीपेक्षा हिशोबाला मान देणारा माणूस होता तो. नानांच्या झाडात कुठेही एकही विसंगती नाही, वयं बसतात, राजा बसतो, संवत्सर बसतं. चुकीची वंशावळ अशीच नीट बसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काही जुळत नसलं तर माणूस परत तपासतो, सगळं जुळलं की कोण कशाला हात लावतोय.

मग मला शंका का आली? दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही नानांच्याच कागदात होत्या.

पहिली म्हणजे तिथ्यांची वही. आमच्या घरात एक लाल कापडी बांधणीची वही आहे, कोणाचं श्राद्ध कुठल्या तिथीला. त्यात अ च्या नावापुढे दोन तिथ्या आहेत, एक भाद्रपद वद्यातली, एक चैत्र शुद्धातली. आत्याला विचारलं तर ती म्हणाली सुतक आलं असेल तेव्हा तिथी हुकली असेल म्हणून दुसरी धरली. असं होत असेलही, पण मग दोन्ही तिथ्या वहीत का जपल्या आणि शाई वेगवेगळी का, आणि चैत्रातली नोंद वरच्या बाजूला, जुन्या अक्षरात का. माणूस मरतो एकदा. दोन तिथ्या म्हणजे दोन माणसं असावीत असा विचार करायला हरकत नव्हती.

दुसरी गोष्ट एक शब्द. कैफियतीत जबानी देणारा म्हणतो, 'आमचे पणजे अ बिन ब यांस शाहू छत्रपती यांणी इनाम दिल्हे.' पणजे! वंशावळीत अ त्याचा बाप लागतो आणि मजकुरात अ त्याचा पणजा लागतो. नानांनी त्या ओळीच्या समासात पेन्सिलने छोटं प्रश्नचिन्ह केलेलं आहे, म्हणजे त्यांच्याही नजरेत ते आलं होतं. त्यांनी बहुतेक 'पणजे' हा शब्द पूर्वज अशा ढोबळ अर्थाने घेतला असावा. नानांचं ते प्रश्नचिन्ह बघून मला फार वाटलं, कारण ते तिथेच थांबले आणि विचारायला कोणी नव्हतं.

मग मी मोजून बघितलं. जबानी देणारा, बाप अ, आजा ब, पणजा अ, आणि त्याचा बाप ब. असं धरलं तर पणजा बरोबर 'अ बिन ब' येतो. म्हणजे मूळ कैफियतीत साखळी पाच नावांची असेल आणि नकलेत तीन नावांची झाली असेल. कशी? ज्याने कधी हाताने नक्कल केली असेल त्याला लगेच कळेल. 'अ बिन ब बिन अ बिन ब' लिहिताना डोळा पहिल्या 'अ बिन ब' वरून उठला की परत बसताना दुसऱ्या 'अ बिन ब' वर बसतो आणि मधलं सगळं गळून जातं. दोन माणसं गेली, आणि उरलेलं वाक्य वाचायला पूर्ण शुद्ध.

पण हा माझा तर्क झाला, पुरावा नाही. आणि कैफियतीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही हेही सांगितलं पाहिजे. ती इनामदाराची स्वतःची जबानी आहे, इनाम जितकं जुनं दाखवेल तितकं त्याच्या फायद्याचं, बाप म्हणण्यापेक्षा पणजा म्हणणं त्याला सोयीचंच. म्हणून 'पणजे' या एका शब्दावर मी झाड बदलणार नव्हतो. १७८८ च्या सुमाराला साताऱ्याच्या छत्रपतींची सत्ता नावापुरती उरली होती, खरा कारभार पुण्याहून चालायचा, त्यामुळे शाहूंच्या नावाची इनाम सनद १७२८ ची असणं जास्त पटतं, हा मुद्दा पण होता, पण तोही वजन टाकणारा, निकाल देणारा नाही.

म्हणून ताकीदचिठीकडे वळलो. ती इतके दिवस बाजूला ठेवली होती कारण तिच्यावर शक नाही, फक्त सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरात वापरली जाणारी आणखी एक कालगणना, आहे. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, आकड्यात नाही, आणि एककापासून उलटं. अहद किंवा इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, मग दहं अशर, वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन असं पुढे, शंभर म्हणजे मया आणि हजार म्हणजे अलफ. येणाऱ्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, मेच्या शेवटी नाहीतर जूनमध्ये, त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढच्या अर्ध्या वर्षाला ६००.

चिठीवर होतं 'तिसा', मग एक बिघडलेला शब्द, मग 'मया व अलफ'. तिसा म्हणजे ९, मया व अलफ म्हणजे ११००. १७२८ असेल तर सन ११२९, म्हणजे 'तिसा अशरीन मया व अलफ'. १७८८ असेल तर सन ११८९, म्हणजे 'तिसा समानीन मया व अलफ'. आता अशरीन आणि समानीन हे दोन शब्द शेजारी लिहून बघा. दोन्हीत चार अक्षरं, शेवट दोन्हीचा तोच. मोडीत ऱ्हस्व दीर्घ नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, वरची रेघ आधी ओढायची आणि तिला लटकवत अक्षरं वळवत जायची. त्या चिठीची घडी बरोबर या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून गेलेली. कागद तिथे पिंजलेला, शाई उडालेली.

मी ते समानीन वाचलं. दोन वर्षं मी तेच वाचत होतो आणि मला त्यात काहीच शंका वाटत नव्हती, कारण मनात नानांचं १७८८ बसलेलं होतं आणि डोळा ते शोधतच त्या शब्दाकडे जात होता. नंतर आम्हाला मोडी शिकवणाऱ्या सरांना फोटो दाखवला, त्यांनी आधी मला बजावलं की तुला काय वाटतं ते सांगू नकोस, कुठलं साल अपेक्षित आहे तेही सांगू नकोस. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मग त्यांनी पहिली दोन अक्षरं सोडूनच दिली, म्हणाले ती गेली, तिसरं बघू. तिसरं अक्षर री आहे की नी एवढाच प्रश्न उरला. त्याच लेखकाने त्याच चिठीत 'सरकार' आणि 'परगणे' लिहिलंय, त्यातला र कसा वळवलाय, आणि 'इनाम' मधला न कसा, ते मोबाईलवर मोठं करून तिन्ही शेजारी ठेवलं. र चं वळण आणि आमच्या शब्दातलं वळण तंतोतंत एक. मग घरी जाऊन मी कागद खिडकीशी धरला, उजेड बाजूने पडेल असा, तेव्हा घडीच्या कडेला श चा खालचा थोडासा भाग शाईशिवाय, नुसत्या दाबाच्या खुणेने दिसला. अशरीन. सन ११२९. मार्गशीर्ष म्हणजे १७२८ चा डिसेंबर.

म्हणजे सनद थोरल्या शाहूंची, घरातली म्हण खरी. पण मग धाकटे अ? १७२८ ला सनद घेणारा अ हा १८५५ च्या जबानी देणाऱ्याचा बाप असू शकत नाही, म्हणून मध्ये माणसं पाहिजेतच, हे झालं गणित. पण गणिताने माणूस लागतो, दिसत नाही. मला तो कुठेतरी लिहिलेला बघायचा होता.

तो सापडला त्र्यंबकेश्वरला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात हे माहीत होतं. आडनाव आणि गाव सांगितलं की ते कुठल्या घराण्याकडे आपलं गाव आहे ते सांगतात, मग लांबलचक वह्यांची बाडं निघतात. नाशिक, पंढरपूर, काशी, सगळीकडे असंच आहे, आणि वंशावळ काढणाऱ्याने सातबारा शोधायच्या आधी इथे जावं असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सरकारी कागद जमिनीसाठी लिहिलेला असतो, त्यात जमिनीला लागेल तेवढाच माणूस येतो. इथे माणूस पितरांसाठी आलेला असतो, त्याला बाप, आजा, पणजा तिन्ही सांगावेच लागतात, श्राद्धात तिघांचा उच्चार होतो म्हणून. एकाच नावाची माणसं वेगळी करायला नेमकी हीच तीन नावांची साखळी लागते, दोन नावांची पुरत नाही.

नोंद शके १७२२, रौद्रनाम संवत्सर, म्हणजे १८००-०१. १७२२ अधिक १२, भागिले ६०, बाकी ५४, रौद्र बरोबर चौपन्नावं, तिथल्या तिथे मोबाईलवर ताडून बघितलं. अ, ऊर्फ बापू. बाप ब. आजा अ. पणजा ब. भाऊ एक, मुलगे दोन, त्यातला एक आमचा जबानी देणारा. उपाध्याय म्हणाले अक्षर यजमानाचं स्वतःचं आहे, वहीच्या बाकीच्या नोंदींपेक्षा वेगळं, जरा मोठं आणि टाकाला जोर दिलेलं. आई, आजी यांची नावं आहेत, पणजीच्या नावाला मात्र जागा सोडून ठेवलीय. म्हणजे त्याला आठवलं नाही, आणि घरी जाऊन विचारून परत आलो की लिहू असं त्याला वाटलं असणार. ती जागा अजून कोरी आहे. मी फोटो मागितला नाही, पाटावर बसून हाताने उतरवून घेतलं, दोनदा ताडून, आणि उतरवताना प्रत्येक नावावर बोट ठेवून, कारण नक्कल करताना काय होतं ते मला कळून चुकलं होतं.

मग सगळं परत मांडलं. एक्सेल शीटमध्ये मी या वेळेस एक पद्धत पाळली, जी सुरुवातीपासून पाळायला हवी होती. प्रत्येक कागदातला प्रत्येक उल्लेख म्हणजे एक वेगळा माणूस धरायचा, नाव तेच असलं तरी. सनदेतला अ एक, चिठीतला अ दोन, कैफियतीतला बाप अ तीन, पणजा अ चार, तिथीवहीतले दोन अ, त्र्यंबकच्या वहीतले दोन अ. आणि मग कुठलेही दोन एक करायचे असतील तर त्यासाठी नावापलीकडचं कारण लिहायचं. नाव सारखं आहे हे कारण नाही. सारखं नाव हीच तर तक्रार आहे. बायकोचं नाव, भावांची संख्या, मुलगा, साल, हस्ताक्षर, नात्याचा शब्द, यातलं काहीतरी पाहिजे. बायकोचं नाव पण जपून, लग्नात नाव बदलतं आणि दुसरेपणाची बायको असेल तर एकाच माणसाच्या दोन 'कोम' सापडतात.

असं केल्यावर जे उभं राहिलं ते असं. थोरले अ, जन्म अंदाजे १७०० च्या मागेपुढे, १७२८ ला सनद. त्यांचा मुलगा ब, ज्याचं नाव नानांच्या झाडात नव्हतंच, कारण झाडातला ब हा थोरल्यांचा बाप समजला गेला होता की धाकट्यांचा हे कोणी विचारलंच नव्हतं. त्याचा मुलगा धाकटे अ म्हणजे बापू, १८०० ला त्र्यंबकला जाऊन आलेले. १७८८ ला तेही पंचविशी तिशीचे असतील, म्हणून तर नानांचा हिशोब इतका चपखल बसला. गावात 'बापूची विहीर' म्हणून एक विहीर आहे, ती इनाम मिळवणाऱ्याने खणली असं सांगायचे. ती नातवाची. इनाम आजोबांचं, विहीर नातवाची, आणि दोनशे वर्षं दोन्हीचं श्रेय एकाच माणसाला.

एक तिसरा अ पण निघाला, तो लवकर उरकतो. जुन्या फेरफारांच्या नोंदीत 'मयत ब याचे वारस अ' असं होतं आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही दिवस वाटलं आणखी एक पिढी सापडली, पण तो थोरल्यांच्या भावाच्या फांदीतला, चुलत घराण्यातला, जमीन वेगळी, वारसांत भावांची नावं वेगळी. हक्कनोंदीचे कागद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे, त्या काळात आमच्या फांदीत अ नाव नव्हतंच. ए.कु.मॅ. लिहिलेला माणूस थोरला भाऊही असू शकतो, बाप असेलच असं नाही, हे मात्र लक्षात ठेवा, तिथे बरेच जण भावाला बाप करून टाकतात.

एक धागा अजून सुटा आहे. कैफियतीचं मूळ पान. नानांनी नक्कल केली ती मुळावरून की आधीच्या कोणाच्या नकलेवरून, हे त्यांनी लिहिलेलं नाही. दोन नावं नानांच्या हातून गळली की त्यांच्या आधीच गळलेली होती हे ते पान बघितल्याशिवाय कळणार नाही, पुराभिलेखागारात अर्ज केलाय. मला मनापासून वाटतं की ती आधीच गळलेली असावीत. ज्या माणसाने 'पणजे' पुढे प्रश्नचिन्ह काढलं तो दोन नावं सोडेल असं वाटत नाही.

झाड नवीन काढलंय, नानांच्या शीटवर काही खोडलं नाही, ती तशीच फ्रेम करून ठेवली, नवी शीट तिच्या शेजारी. आत्याला सगळं समजावून सांगितलं, सनद, कीलक, अशरीन, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की मग ती चैत्रातली तिथी कोणाची. म्हटलं थोरल्यांची, वरची नोंद, जुनी शाई, त्यांचीच असणार. आणि मधल्या ब ची? त्याची तिथी वहीत कुठेच नाही. तिने ती लाल वही मागून घेतली, चष्मा लावला, दोन अ च्या मध्ये बोटभर जागा होती तिथे पेनने ब चं नाव लिहिलं, आणि तिथीच्या रकान्यात सर्वपित्री अमावस्या.